कापलेला दोर

२१ ऑक्टोबर १८७५. दुपार कलली होती. कॅनडातल्या विनिपेग सरोवरावर हडसन्स बे कंपनीची ‘कोल्व्हिल’ नावाची आगबोट उत्तरेकडे चालली होती. तिच्या मागे दोराने बांधलेल्या, चपट्या तळाच्या लाकडी नावा ओढल्या जात होत्या. नावांत अडीचशेच्या आसपास माणसं होती, सगळी आइसलँडची. बायका, तान्ही मुलं, ट्रंका, पुस्तकं, शेगड्या, सगळं एकावर एक. त्यांना आणखी चाळीसेक किलोमीटर उत्तरेला, एका नदीच्या मुखाशी जायचं होतं. पण हवा बिघडायला लागली, दिवस मावळतीला आला, आणि विलो पॉइंट नावाच्या वाळूच्या दांड्यापाशी आगबोटीने नावांचा दोर सोडून दिला. कुणी सोडला म्हणतं, कुणी कापला म्हणतं. नावा काठाला लागल्या, माणसं उतरली, आणि नवं आइसलँड तिथेच वसलं. त्या वसाहतीबद्दल कितीही वाचलं तरी माझं मन या दोराशीच येऊन अडतं. वसाहत कुठे व्हावी याचे नकाशे काढले होते, आधी माणसं पाठवून जागा पाहिली होती, सरकारशी बोलणी झाली होती. शेवटी जागा ठरवली वाऱ्याने.

मराठी कानाला ‘दोर कापले’ म्हटलं की सिंहगड आठवतो. तिथे दोर कापले ते आपल्याच माणसाने, मागे फिरू नये म्हणून. इथे तसलं काही नव्हतं. कुणाला लढायचं नव्हतं, पण परत फिरायची वाटही उरली नव्हती. आगबोट निघून गेली, आणि पंधरा-वीस दिवसांत सरोवर गोठायला लागणार होतं.

त्या नावांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चित्रात त्या फार देखण्या दिसतात. प्रत्यक्षात ती जाड फळ्या ठोकून केलेली चौकोनी खोकी होती. ना वल्ह्यांची सोय, ना शीड, ना पाणी कापणारं टोक. रेड नदीच्या प्रवाहाबरोबर माल खाली न्यायचा आणि मुक्कामाला पोचल्यावर नाव मोडून तिच्या फळ्या विकायच्या, हाच त्यांचा उपयोग. नदीवर त्या चालतात, कारण तिथे प्रवाहच नेतो आणि लांब काठीने दिशा देता येते. सरोवरावर त्यांचं काही चालत नाही. विनिपेग सरोवर अवाढव्य आहे, चोवीस हजार चौरस किलोमीटरच्या वर, पण खोली मात्र सरासरी बारा मीटर. एवढ्या उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा लांब-संथ उठत नाहीत. आखूड, उभ्या, एकीला एक चिकटून येतात. चपट्या तळाचं खोकं अशा लाटेवर चढत नाही, तिच्यावर आपटतं. त्यात उत्तरेचा वारा टिकून राहिला की सगळं पाणी दक्षिणेच्या टोकाला ढकललं जातं आणि काठाची पातळी काही तासांत वर येते. अशी माणसांनी भरलेली खोकी ओढत ऑक्टोबरअखेरच्या संध्याकाळी पुढे जायला कप्तान तयार झाला नाही, यात मला त्याचा दोष दिसत नाही.

आज त्या ठिकाणाच्या थोडं उत्तरेला गिमली नावाचं गाव आहे, विनिपेग शहरापासून सुमारे नव्वद किलोमीटरवर. गावात सरोवराच्या काठाजवळ एक व्हायकिंग उभा आहे. पंधरा फूट उंच, फायबरग्लासचा. १९६७ साली, कॅनडाच्या शताब्दीच्या वर्षी, आइसलँडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आउस्गेइर आउस्गेइरसॉन यांनी त्याचं अनावरण केलं. आराखडा गिसुर एलियासन यांचा आणि घडवला जॉर्ज बरोनी यांनी. येणारा प्रत्येक जण त्याच्या पायाशी फोटो काढतो. मुलं चौथऱ्यावर चढतात. अलीकडे त्याच्याभोवती बागही केली आहे.

फायबरग्लासचा पुतळा आतून पोकळ असतो. साच्यात आधी रंगाचा जाड थर देतात. तो सुकत आला की त्यावर काचेच्या तंतूंची चटई अंथरून रेझिन चोपडतात, रोलरने दाबून आतली हवा काढतात, मग पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. रेझिनमध्ये कठीण करणारं रसायन टक्का-दोन टक्के, त्याहून जास्त नाही. ते जास्त पडलं तर थर तापतो आणि तडकतो, कमी पडलं तर महिनोन्‌महिने चिकट राहतो. सुटे भाग असे तयार झाले की आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडून सांधे बुजवतात. पितळ किंवा दगडाच्या मानाने हे हलकं आणि स्वस्त काम, म्हणून साठच्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या गावोगावी असे मोठे पुतळे उभे राहिले. पण त्याचे रोगही ठरलेले. उन्हाने वरचा थर खडूसारखा पांढुरका होतो, हात फिरवला तर बोटांना भुकटी लागते. मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. भेगेत पावसाचं पाणी शिरतं, हिवाळ्यात उणे तीसला गोठून फुगतं आणि थरावर थर सोडवतं. आतलं लोखंड आणि बाहेरची काच थंडीने सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून सांधे आधी उघडतात, खांद्याजवळ आणि कमरेला. दुरुस्ती करायची तर सुटलेला थर घासून पार कोरड्या भागापर्यंत जावं लागतं. वरून नुसता रंग फासला की ओल आतच कोंडते आणि दोन हिवाळ्यांत तीच भेग परत तोंड काढते. रेझिन थंडीत नीट धरत नाही, त्यामुळे या मुलखात असलं काम उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांतच उरकावं लागतं. म्हणजे योद्धा दिसायला कितीही दणकट असो, त्याला दर काही वर्षांनी कुणीतरी शिडी लावून जपावं लागतं. हे मला फार आवडतं.

पण माझी अडचण दुसरीच आहे.

आइसलँडमध्ये वस्ती झाली ती परंपरेने इसवी सन ८७४ मध्ये. त्याची हजार वर्षं १८७४ला साजरी झाली. ऑगस्टचा तो सोहळा परदेशात गेलेल्यांनीही पाळला आणि गिमलीत आजही ऑगस्टमध्ये भरणारा आइसलँडिक उत्सव त्याचाच धागा. त्या सोहळ्यानंतर सव्वा वर्षाने ही मंडळी विलो पॉइंटला उतरली. म्हणजे पुतळ्यातला माणूस आणि नावेतली माणसं यांच्यात हजार वर्षांचं अंतर आहे. नावेतली माणसं मेंढ्या पाळणारी, गवत कापणारी, थोडी मासेमारी करणारी. बऱ्याच जणांनी त्याआधीचं वर्ष ऑन्टारिओतल्या किनमाउंटला रेल्वेच्या कामावर काढलं होतं आणि काम थांबल्यावर नवी जागा शोधत ती निघाली होती. पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की ही पहिली तुकडी आस्क्या ज्वालामुखीच्या राखेमुळे आली. तसं नाही. आस्क्या फुटला २९ मार्च १८७५ला, तेव्हा यातले बहुतेक लोक आधीच अटलांटिकच्या या बाजूला होते. राखेने ज्यांची कुरणं बुजली, ते पुढच्या वर्षी, १८७६च्या उन्हाळ्यात आले, हजाराहून जास्त. तलवार यांच्यातल्या कुणाच्याच हातात नव्हती, हातात मुलं होती.

पुतळा चुकीचा आहे असं म्हणायची माझी तयारी नाही. १९६७ साली तो उभारणारी माणसं त्याच नावांतून उतरलेल्यांची नातवंडं-पणतवंडं होती. परक्या देशात तीन पिढ्या कष्ट काढल्यावर आपल्या आजोबांना उंच करून दाखवावंसं वाटणं यात काय चूक? फक्त उंच करताना आजोबांच्या जागी आजोबांच्या गोष्टीतला माणूस उभा राहिला. खरे आजोबा त्या पहिल्या हिवाळ्यात ओंडक्यांच्या घरात कुडकुडत होते.

त्या घरांची गोष्ट आइसलँड माहीत असल्याशिवाय कळत नाही. आइसलँडमध्ये तेव्हा झाडं जवळजवळ नव्हतीच. घर म्हणजे दगड आणि गवताची माती, म्हणजे मुळांसकट कापलेले मातीचे ठोकळे, आणि छपराला समुद्राने वाहून आणलेलं लाकूड. अशा माणसांच्या हातात एकदम कुऱ्हाड आली आणि समोर जंगल. ओंडक्याला खाच कशी पाडायची, कोपऱ्यात एकावर एक कसे बसवायचे, हे कुणाला येत नव्हतं. आणि लाकूड ओलं. ओला ओंडका भिंतीत घातला की शेगडीच्या उबेने आतून सुकतो, आकसतो, आणि दोन ओंडक्यांमधल्या फटी बुजवायला लावलेली माती-शेवाळ निसटून पडते. जानेवारीत भिंत आतून वाळते आणि बाहेरून वारा शिरतो. एकेका झोपडीत दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं. गायी नव्हत्या, म्हणून दूध नव्हतं. भाजी नव्हती. त्या हिवाळ्यात स्कर्व्हीने, म्हणजे ताजी भाजी-फळं न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, माणसं गेली, हिरड्यांतून रक्त, मग पाय सुजणं, मग अंथरूण.

मासे मात्र समोरच होते, हातभर बर्फाखाली. त्यांना मासेमारी येत होती, पण मोकळ्या समुद्राची. एवढ्या गोठलेल्या सरोवरात बर्फाखाली जाळं पसरायचं ही वेगळीच विद्या, आणि ती तिथल्या मूळ रहिवाशांकडे होती. ती अशी: बर्फात एक भोक पाडायचं, त्यातून एक लांब, सरळ काठी बर्फाच्या खालच्या अंगाने पुढे सरकवायची. काठीच्या शेपटाला दोर. काठी जितकी लांब तितक्या अंतरावर दुसरं भोक, तिथून आकड्याने काठी धरून पुढे ढकलायची, मग तिसरं भोक. शेवटच्या भोकातून काठी बाहेर आली की दोर पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंत पोचलेला असतो. त्या दोराला जाळं बांधून ओढायचं. पुढे या कामासाठी जिगर नावाचं साधन आलं. ती एक लांब फळी, मधे चीर, आणि चिरेत लोखंडी हात. भोकातून पाण्यात सोडली की ती तरंगून बर्फाला खालून चिकटते. दोर ओढला की लोखंडी हात बर्फात रुततो आणि फळीला पुढे रेटतो, दोर सैल सोडला की हात मागे येतो. ओढ-सोड, ओढ-सोड. वरून एक जण बर्फावर कान देऊन चालतो, खालून टक्‌, टक्‌ आवाज येतो त्या मागावर. फळीला भडक रंग देतात, म्हणजे बर्फ स्वच्छ असेल तर खालून चाललेली दिसतेही. बर्फाचा तळ खडबडीत असला किंवा कुठे बर्फ दुमडून खाली उतरला असला तर ती अडकते, आणि मग ती नेमकी कुठे आहे हे सापडेपर्यंत नुसती भोकं पाडत बसावं लागतं. जाळं वर काढलं की घाई करायची, उणे तीसमध्ये ओलं जाळं मिनिटांत काठीसारखं ताठ होतं आणि मग मासा सोडवताना दोरा तुटतो. हातमोजे घालून मासा सोडवता येत नाही, म्हणून उघडे हात.

पुन्हा दोर. या गोष्टीत प्रत्येक वळणावर कुणाच्या तरी हातात दोर आहे.

आणि मूळ रहिवासी म्हटलं की सँडी बारची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नावा ज्या नदीपर्यंत जायच्या होत्या तिथे, वाळूच्या बांधावर, सोल्टो लोकांची वस्ती होती. आइसलँडच्या माणसांना दिलेली जमीन कागदावर मोकळी होती, पायाखाली नव्हती. जॉन रॅम्से नावाच्या माणसाने नदीकाठी घर बांधायला आलेल्यांना अडवलं, ही आमची जागा आहे म्हणून सांगितलं. पुढे मात्र तोच त्यांचा सोबती झाला, शिकारीचं मांस देणारा, वाटा दाखवणारा. १८७६च्या शरदात देवी आल्या. आइसलँडच्या वसाहतीत सुमारे शंभर जण गेले, त्यात मुलंच जास्त. सँडी बारची वस्ती जवळजवळ पुसली गेली. दक्षिणेला नेटली क्रीकपाशी पहारा बसला आणि १८७७च्या उन्हाळ्यापर्यंत वसाहतीबाहेर सहजासहजी कुणाला जाता येईना. रॅम्सेची बायको बेट्सी त्याच साथीत गेली. जिथे मेलेल्यांना घाईघाईने पुरलं जात होतं तिथे या माणसाने तिच्यासाठी संगमरवराची कोरलेली शिळा मिळवली, दक्षिणेकडून इतक्या लांब आणवली, उभी केली, आणि भोवती कुंपण घातलं. रानात, सरोवराच्या काठी, एका शिकाऱ्याच्या बायकोची संगमरवरी शिळा. वर्षं गेली, कुंपण मोडलं. मग एका आइसलँडिक सुताराच्या स्वप्नात रॅम्से आला, म्हणाला माझ्या बायकोच्या थडग्याचं कुंपण दुरुस्त कर. सुताराने ते केलं. स्वप्न खरं की खोटं याच्याशी मला कर्तव्य नाही. त्या सुताराला जे टोचत होतं ते खरं होतं.

नव्या आइसलँडचं स्मारक कुठलं असं मला विचारलं तर मी पुतळ्याच्या आधी त्या शिळेकडे बोट दाखवीन.

वसाहत टिकेल असं १८८०च्या सुमाराला कुणालाच वाटत नव्हतं. धर्मावरून दोन तट पडले होते, सरोवराच्या पुराने गवत नेलं होतं, आणि लोक गाडे भरून डकोटाकडे, विनिपेगकडे निघाले होते. राहिले ते थोडे. पण त्याच्या तीनेक वर्षं आधी, १८७७च्या सप्टेंबरमध्ये, देवीचा पहारा उठून काही आठवडेच झाले असताना, त्यांनी ‘फ्राम्फारी’ नावाचं स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, आइसलँडिक भाषेत, जंगलातल्या हातछापखान्यावर. त्याच महिन्यात गव्हर्नर-जनरल लॉर्ड डफरिन आले. भिंती कितीही उघड्या असोत, एकाही झोपडीत वीस-तीस पुस्तकांचा संग्रह नाही असं दिसलं नाही, अशा अर्थाचं ते बोलून गेले. मला त्या पुस्तकांचं वजन दिसतं. चौकोनी खोक्याच्या नावेत, शेगडी आणि पिठाच्या पोत्याशेजारी, कुणीतरी हट्टाने ती जागा राखली होती.

असाच एक हट्ट स्वयंपाकघरातही टिकला. विनारतेर्ता नावाचा थरांचा केक. पातळ, बिस्किटासारखे सात थर, मधे वाळवलेल्या आलुबुखारांचं शिजवून घोटलेलं सारण आणि त्यात वेलदोडा. कणीक फार मळली तर थर चिवट होतात, सारण पातळ राहिलं तर कडेने वाहतं आणि थर घसरतात, म्हणून ते डाव उभा राहील इतकं घट्ट आटवायचं आणि पूर्ण गार करूनच पसरायचं. झाल्या दिवशी खायचा नाही. गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवायचा, सारणाची ओल थरांत उतरली की तो मऊ होतो आणि सुरीने सरळ कापता येतो. वरून साखरेचा थर द्यायचा की नाही यावरून घराघरांत मतं ठाम आहेत. आइसलँडमध्ये आज तो इतक्या निष्ठेने केला जात नाही, मॅनिटोबात केला जातो. घर सोडलेल्या माणसाच्या हातात १८७५ सालची चव जशीच्या तशी थांबली, मागे राहिलेले पुढे गेले. परमुलखात वाढलेल्या मराठी घरांतही आजीच्या वेळची पुरणपोळी अशीच थांबलेली असते, तिच्यातला वेलदोडा कुणी बदलू देत नाही.

विलो पॉइंटवर एक मोठा पांढरा खडक आहे. उतरलेल्या माणसांनी पहिली रात्र त्याच्या आसऱ्याने काढली आणि त्याच रात्री तिथे एक मूल जन्मलं असं सांगतात. मुलाचं नाव योन. वाऱ्याच्या आडोशाला कनात, आत कंदील, बाहेर पाण्याचा आवाज. त्या खडकाला आराखडा नाही, सांगाडा नाही, त्याला उन्हाळ्यात शिडी लावून रंग द्यावा लागत नाही. दर वर्षी २१ ऑक्टोबरच्या सुमाराला गिमलीची माणसं त्या खडकापर्यंत चालत जातात. महिना तोच, हवा तीच. वारा उत्तरेचा असला तर लाटा आखूड आणि उभ्या येतात, आणि जाड कोटाची कॉलर वर करून माणसं त्या लाटांकडे पाहत उभी राहतात, जिथून आगबोट मागे वळली त्या दिशेला.